बंदूक घेतली, आता एनआरएची वर्गणीपण भरायची का?

अमेरिकेत दुकानातून पिस्तूल घेतलं की सोबत एक कुलूप येतं, कायद्यानेच द्यावं लागतं ते, एक जाडजूड मॅन्युअल येतं, आणि काही कंपन्यांच्या बॉक्समध्ये नॅशनल रायफल असोसिएशनचा, म्हणजे एनआरएचा, मेंबरशिप फॉर्मही येतो. दुकानदारही विचारतो, नेमबाजीच्या रेंजवरचा माणूसही विचारतो, मेंबर आहात का. तिकडे स्थायिक झालेली आपली काही मंडळीही आता बंदूक बाळगायला लागलीत आणि त्यांच्यापुढेही हाच प्रश्न येतो, की बंदूक तर घेतली, आता या संघटनेत जायचं का, आणि नाही गेलो तर काही बिघडतं का. वरवर बघता वर्षाला ४०-५० डॉलरचा मामला आहे. पण त्याच्या मागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि राजकारण, कोर्टकचेऱ्या, एक मोठा घोटाळा असं सगळं आहे, म्हणून जरा नीट उलगडून सांगतो. बंदुका चांगल्या की वाईट हा वाद इथे नाही घालणार, तो वेगळा विषय आहे.

आधी आकडे. प्यू रिसर्चच्या २०२३ च्या सर्व्हेत ३२ टक्के अमेरिकन प्रौढांनी सांगितलं की आपल्याकडे स्वतःची बंदूक आहे. स्मॉल आर्म्स सर्व्हे नावाची जिनिव्हाची संस्था आहे, तिच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये तिथल्या सामान्य लोकांकडे ३९ कोटींच्या वर बंदुका होत्या, म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त. आणि एनआरए तेव्हा सांगायची की आमचे ५० लाखांच्या आसपास मेंबर आहेत. म्हणजे बंदूकवाल्यांपैकी फार थोडे लोक मेंबर, बाकी सगळे बाहेर. गंमत अशी की प्यूने २०१७ मध्ये बंदूकवाल्यांना विचारलं तेव्हा १९ टक्के लोक म्हणाले आम्ही एनआरएचे आहोत, तो हिशेब केला तर आकडा सव्वा कोटीच्या पुढे जातो. संघटना म्हणते ५० लाख आणि लोक म्हणतात सव्वा कोटी! वर्गणी कधीतरी भरून थांबलेले, वडील मेंबर होते म्हणून स्वतःलाही मेंबर समजणारे, टोपी घातली म्हणजे झालो मेंबर असं वाटणारे, सगळे त्यात आले असणार.

आता ही संघटना मुळात काय होती ते बघा, कारण आज ऐकू येते ती एनआरए सुरुवातीची नाहीच. १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम चर्च आणि जॉर्ज विनगेट या दोघांनी ती काढली, दोघेही यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेले, आणि कारण काय तर आपल्या सैनिकांची नेमबाजी अगदीच भिकार होती हे त्यांनी रणांगणावर पाहिलं होतं. तर उद्देश सरळ होता, लोकांना नेम शिकवा. पुढची शंभरएक वर्षं ही मुख्यतः नेमबाजी, शिकार आणि ट्रेनिंगची संघटना होती. १९३४ मध्ये मशीनगनवर वगैरे पहिला मोठा फेडरल कायदा आला तेव्हा एनआरएचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक संसदेच्या समितीसमोर जाऊन म्हणाले होते की सरसकट कुणीही बंदूक घेऊन फिरावं हे मला पटत नाही, त्यावर कडक बंधन हवं आणि लायसन्स हवं. आज एनआरएच्या स्टेजवरून कुणी हे वाक्य म्हटलं तर खाली उतरूही देणार नाहीत त्याला. केनेडींना मारायला वापरलेली रायफल पोस्टाने मागवलेली होती, तिची जाहिरात एनआरएच्याच मासिकात आली होती, आणि त्यानंतर अशी पोस्टाने होणारी विक्री बंद करायला संघटनेच्या तेव्हाच्या कारभाऱ्यांनी पाठिंबाही दिला होता. १९६८ च्या कायद्यात ती बंद झाली.

मग पारडं फिरलं कुठे? ओहायोतल्या सिनसिनाटी शहरात, १९७७ च्या मे महिन्यात. वरच्या लोकांचा विचार होता की वॉशिंग्टनचं राजकारण पुरे, मुख्यालय कोलोरॅडोला हलवू, शिकार-निसर्ग-खेळ यावर लक्ष देऊ. त्याआधी राजकारणाकडे झुकलेल्या बऱ्याच कर्मचाऱ्यांना नारळ दिला गेला होता. मग वार्षिक सभेला, राजकारण हवंच म्हणणाऱ्या हार्लन कार्टर आणि नील नॉक्स यांच्या बाजूचे मेंबर तयारीनिशी आले, डोक्यावर शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्या, हातात वॉकीटॉकी, आणि नियमावली पाठ. सभा रात्रभर चालली, पहाटे संपली तेव्हा जुने पदाधिकारी बाहेर आणि कार्टर आत. हजारेक लोकांनी एका रात्रीत लाखो मेंबरांची संघटना फिरवली. आपल्याकडे सोसायटीच्या एजीएमला कसं, शंभर फ्लॅट असतात, येतात पंधरा जण, आणि त्यातले जे सात तावातावाने बोलतात ते म्हणतात तसं रंगकाम होतं आणि पैसे मात्र शंभर जण भरतात, तोच प्रकार. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली तिथेच आहे. त्या रात्रीनंतर एनआरएने जे केलं ते देशातल्या सगळ्या बंदूकवाल्यांच्या नावावर खपलं, मग ते मेंबर असोत नाहीतर नसोत.

मेंबर का होत नाहीत लोक, याचं उत्तर अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सनने १९६० च्या दशकातच देऊन ठेवलंय. एखाद्या गोष्टीचा फायदा सगळ्यांनाच मिळणार असेल तर शहाणा माणूस म्हणतो की दुसरा भरेलच की वर्गणी, मी कशाला भरू. ताजं उदाहरण देतो. बंदुकीच्या सायलेन्सरवर १९३४ पासून २०० डॉलर टॅक्स होता, २०२५ मध्ये संसदेने तो शून्यावर आणला, १ जानेवारी २०२६ पासून. याच्या मागे संघटनांनी बराच जोर लावला होता. पण टॅक्स माफ झाला तो सगळ्यांना, दुकानदार काय मेंबरशिप कार्ड बघून माफ करत नाही. मग अशा संघटना जगतात कशावर, तर फक्त मेंबरलाच मिळतील अशा चिल्लर गोष्टींवर. मासिक, टोपी, बॅग, डिस्काउंट. शिवाय बऱ्याच गन क्लबचा नियमच असतो की एनआरए मेंबर असाल तरच आमच्या रेंजवर प्रवेश. कित्येक लोक राजकारणासाठी नाही, तर घराजवळ नेम मारायला जागा हवी म्हणून मेंबर असतात आणि संख्या सांगताना मात्र तेही राजकीय फौजेत मोजले जातात.

इथे पैशाचा एक तांत्रिक मुद्दा आहे, कंटाळवाणा आहे पण महत्त्वाचा. एनआरए म्हणजे एकच पेटी नाही. मूळ संघटना ही लॉबिंग, म्हणजे कायदे करणाऱ्यांवर दबाव आणण्याचं काम, करू शकते अशा प्रकारात मोडते, त्यामुळे तिच्या वर्गणीवर टॅक्समध्ये सूट मिळत नाही. तिचं एक वेगळं फाउंडेशन आहे, ते ट्रेनिंग, तरुणांचे कार्यक्रम वगैरेसाठी अनुदान देतं, तिथे दिलेल्या देणगीवर सूट मिळते. आणि तिसरी निवडणुकीच्या खर्चाची, पॉलिटिकल व्हिक्टरी फंड. २०१६ च्या निवडणुकीत ट्रम्पसाठी एनआरएच्या बाजूने ३ कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च झाला. तेव्हा मला फक्त ट्रेनिंगला पैसे द्यायचेत असं ज्याला वाटतं त्याने मेंबरशिप फॉर्म भरण्याऐवजी फाउंडेशनचं पान बघावं, आणि ज्याला राजकारणालाच द्यायचेत त्याने तसं कळून सवरून द्यावेत. बहुतेक लोक फॉर्मच्या मागची बारीक अक्षरं वाचतच नाहीत, मग नंतर घरी फोन यायला लागले आणि जोडीला अजून देणगी द्या अशी पत्रं यायला लागली की वैतागतात.

ट्रेनिंगचं काम मात्र खरंच मोठं आहे हे कबूल करायला हवं. एनआरएचे सर्टिफाइड इन्स्ट्रक्टर देशभर आहेत, शिकाऱ्यांना सुरक्षितपणे बंदूक कशी वापरायची हे शिकवण्याचा कार्यक्रम त्यांनी न्यूयॉर्क राज्यासोबत १९४९ मध्ये सुरू केला होता, तो पुढे इतर राज्यांसाठी नमुना ठरला. पण त्याच संघटनेच्या दबावाने १९९६ मध्ये डिकी दुरुस्ती आली, सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या पैशातून बंदूक नियंत्रणाचा प्रचार करायचा नाही अशी, आणि घाबरून सीडीसीने बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंवरचं संशोधनच जवळपास वीसेक वर्षं गुंडाळून ठेवलं. २०२२ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांवर माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. म्हणजे बंदूकवाल्याच्या स्वतःच्या घरातली ही गोष्ट आहे, त्यावर अभ्यास व्हायला कुठल्या बंदूकवाल्याची हरकत असेल? पण वर्गणी भरली की पूर्ण थाळीच घ्यावी लागते, यातलं हे नको ते नको असं सांगता येत नाही.

बरं, हक्कांसाठी लढते तरी एनआरएच का? तर नाही, आणि हे बऱ्याच बंदूकवाल्यांनाही माहीत नसतं. बंदूक बाळगणं हा व्यक्तीचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने पहिल्यांदा स्पष्ट म्हटलं ते २००८ च्या हेलर केसमध्ये. डिक हेलर हा वॉशिंग्टनमध्ये सरकारी इमारतीवर पहारा द्यायचा, ड्युटीवर पिस्तूल कमरेला आणि घरी मात्र ठेवायला बंदी. ही केस उभी केली आणि खर्च उचलला तो केटो इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेच्या रॉबर्ट लेव्हीने, आणि या लेव्हीने स्वतः आयुष्यात बंदूक घेतली नव्हती! एनआरए तर तेव्हा कचरत होती, हरलो तर कायमचं हरू म्हणून, आणि ज्याने ती केसच निकामी झाली असती अशा विधेयकाच्या मागे उभी होती. शेवटी ५ विरुद्ध ४ ने निकाल लागला. त्याच निकालात हेही लिहिलंय की हा हक्क अमर्याद नाही, पण ते वाक्य दोन्ही बाजू सोयीने विसरतात. नंतर २०१० मध्ये शिकागोच्या मॅक्डॉनल्ड केसमध्ये पुढे होती सेकंड अमेंडमेंट फाउंडेशन (सेकंड अमेंडमेंट म्हणजे अमेरिकन संविधानातली बंदुकीच्या हक्काची दुरुस्ती), १९७४ मध्ये निघालेली, तिचं मुख्य काम कोर्टातलं. आणि २०२२ चा ब्रुएन निकाल, ज्याने न्यूयॉर्कचा बंदूक घेऊन फिरण्याच्या परवान्याचा जुना कडक नियम उडवला, तो न्यूयॉर्कच्या राज्य पातळीवरच्या संघटनेच्या नावाने आहे, ती एनआरएशी जोडलेली हे खरं, पण लढली राज्याच्या कायद्याविरुद्ध. गंमत बघा, हा निकाल आला त्याच आठवड्यात संसदेने एनआरएचा विरोध असताना बंदुकीचा एक नवा कायदा पास केला. संसदेत धाक कमी झालेला आणि कोर्टात विजय.

धाक कमी का झाला, तर घरातच आग लागली होती. वेन लापिएर १९९१ पासून एनआरएचा कारभार बघत होते, आणि २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी केस टाकली की मेंबरांच्या पैशावर खाजगी विमानं, सहली, आणि महागडे सूट चाललेत. २०२१ मध्ये एनआरएने टेक्सासच्या कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला, जज म्हणाले हा अर्ज सद्हेतूने केलेलाच नाही, फेटाळला. जानेवारी २०२४ मध्ये लापिएरनी राजीनामा दिला आणि फेब्रुवारीत ज्युरीने त्यांना दोषी धरून ४३ लाख डॉलरच्या वर परत भरायला सांगितले. आता यावर, हे डेमोक्रॅट लोकांचं सूडाचं राजकारण, असं म्हणणारे आहेत, आणि जेम्सबाईंनी निवडणुकीच्या प्रचारातच एनआरएबद्दल फार तिखट बोलून ठेवलं होतं हेही खरं. पण बिलं तर खोटी नव्हती ना. आणि सरकारने दबाव टाकला ही तक्रार पूर्णच पोकळ होती असंही नाही, कारण न्यूयॉर्कच्या विमा अधिकाऱ्याविरुद्ध एनआरएने टाकलेल्या दुसऱ्या एका केसमध्ये मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एनआरएच्या बाजूने कौल दिला, आणि त्यात एनआरएची वकिली केली ती एसीएलयू या नागरी हक्कांच्या संघटनेने, म्हणजे एरवी जी दुसऱ्या टोकाची मानली जाते तिने.

या सगळ्या काळात लाखो मेंबर काय करत होते? हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एनआरएचं बोर्ड तेव्हा ७६ जणांचं होतं, एखाद्या राज्याची विधान परिषद वाटावी इतकं. आणि त्याला मत देण्याचा हक्क आहे तो लाइफ मेंबरला, किंवा सलग ५ वर्षं वर्गणी भरलेल्याला. म्हणजे पहिली पाच वर्षं तुम्ही फक्त पैसे द्यायचे, आवाज नाही. ज्यांना हक्क आहे त्यातले बहुतेक मतपत्रिका भरतच नाहीत. आणि ज्यांना वरची भाषा पटत नाही ते सोडून जातात. १९९५ मध्ये थोरले जॉर्ज बुश, माजी राष्ट्राध्यक्ष, लाइफ मेंबर, यांनी राजीनामा दिला, कारण एनआरएच्या देणगीपत्रात सरकारी एजंटांना नाझी छापाची विशेषणं लावली होती. बाणेदार होतं ते, पण परिणाम काय झाला? मवाळ माणूस बाहेर गेला की आत उरलेल्यांचा सरासरी आवाज आणखी चढतो. पुढच्या वेळी आणखी काही जण बाहेर. म्हणून मला पटत नाही म्हणून मी मेंबर नाही, असं म्हणून हात झटकणाऱ्याला मी एवढंच विचारेन, की टीव्हीवर तुझ्या नावाने कोण बोलतंय ते तरी बघतोस का?

अर्थात एनआरए सोडून बरंच काही आहे. गन ओनर्स ऑफ अमेरिका ही एनआरएपेक्षाही कडवी. २०१७ मध्ये लास व्हेगासचं भयानक हत्याकांड झालं, त्यात बंप स्टॉक, म्हणजे रायफलीतून मशीनगनसारख्या भराभर गोळ्या झाडता येतील असा जोड, वापरले होते, तेव्हा एनआरएसुद्धा म्हणाली की यावर जास्त नियम हवेत, आणि ट्रम्प सरकारने बंदी घातली तर गन ओनर्स ऑफ अमेरिकाने कोर्टात धाव घेतली. शेवटी टेक्सासच्या एका दुकानदाराच्या केसमध्ये २०२४ साली सुप्रीम कोर्टाने ती बंदी रद्द केली. दुसरीकडे, एनआरए आपल्यासाठी बोलत नाही असं वाटून काढलेल्या संघटना आहेत. काळ्या बंदूकवाल्यांची नॅशनल आफ्रिकन अमेरिकन गन असोसिएशन २०१५ मध्ये अटलांटात सुरू झाली. २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या परवानाधारक माणसाला पोलिसाने गाडीतच गोळी घातली, माझ्याकडे बंदूक आहे हे त्याने स्वतःहून सांगितलेलं असताना, आणि एनआरए बराच काळ गुळमुळीत राहिली, तेव्हा हा मुद्दा फार लोकांना झोंबला. समलिंगी लोकांचे पिंक पिस्टल्स आहेत, डाव्या विचारांचा लिबरल गन क्लब आहे. आणि अगदी उलट बाजूला, २०११ मध्ये स्वतः डोक्यात गोळी झेललेल्या आणि बंदूक बाळगलेल्या गॅबी गिफर्ड्स यांच्या संघटनेत बंदूकवाल्यांचाच एक गट आहे, कायदे कडक करा म्हणणारा.

आता तिकडच्या मराठी वाचकांसाठी, आणि हे नीट वाचा. एच-१बी किंवा एफ-१ वर असाल तर मेंबरशिपचा विचार नंतर, आधी बंदुकीचाच करा. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे, काही अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतलं वैध हंटिंग लायसन्स हातात असणं. आणि बाळगणं म्हणजे विकत घेणंच असं नाही, रेंजवर भाड्याने घेतलेली किंवा मित्राची बंदूक हातात घेणंही त्यात येतं. वीकेंडला मजा म्हणून रेंजवर जाऊन फोटो टाकणारे आपले लोक मी पाहिलेत, त्यांना याचा पत्ताच नसतो. पकडलं तर फेडरल गुन्हा, आणि ग्रीनकार्डची लाइन गेली खड्ड्यात. ग्रीनकार्डवाल्यांना ही बंदी नाही, राज्याचे नियम मात्र पाळायचे.

आणि इथे भारतात बसून हे वाचणाऱ्यांसाठी एक घोळ दूर करतो. आपल्याकडेही नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया आहे, पण तिचा या लॉबीशी संबंध नाही. ती १९५१ ची, नेमबाजी खेळाची संघटना, पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती, त्यांच्या नावाने आजही स्पर्धा होते. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ब्रॉंझ घेतलं ते या खेळाच्या वाटेने. आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, १९५९ च्या कायद्याखाली मिळणारा परवाना आहे, त्यामुळे संघटनेला लढायला संविधानातलं कलमच नाही. तरी आवाज उठला की फरक पडतो हे २०१९ मध्ये दिसलं. परवान्यावरच्या बंदुका तीनवरून एकवर आणायचं विधेयक होतं, बरीच ओरड झाली, शेवटी दोनवर थांबलं. पण कोकणात रानडुकरांपासून भात वाचवायला बंदूक ठेवणाऱ्या शेतकऱ्याला दर आचारसंहितेला ती पोलिस ठाण्यात जमा करायचा निरोप येतो, खरं तर प्रत्येकाचं वेगवेगळं बघून जिल्ह्याच्या छाननी कमिटीने ठरवायचं असतं, सरसकट नाही, तर त्याच्या बाजूने बोलायला कोण आहे? गावपातळीवर कुणी वकील धरला तर.

तर माझं मत विचाराल तर असं. अमेरिकेत बंदूक असेल तर जवळच्या क्लबात जा, रेंज आणि ट्रेनिंगसाठी, ते पैसे वसूल होतात. राजकारणात रस असेल तर आधी राज्याची संघटना बघा, कारण रोजच्या जगण्याला लागणारे बहुतेक नियम राज्यच करतं, २९ राज्यांत आता परवान्याशिवाय बंदूक घेऊन फिरता येतं आणि नदीपलीकडच्या राज्यात त्याच कृतीला तुरुंग. कोर्टातल्या लढाईला पैसे द्यायचे असतील तर कोर्टातच लढणाऱ्या संस्थेला द्या. आणि एनआरएच हवी असेल तर पाच वर्षं टिकून मत द्यायची तयारी ठेवून जा, नुसती टोपीसाठी नको. कुठल्याही संघटनेला चेक लिहिण्याआधी तिचा फॉर्म ९९०, म्हणजे वार्षिक हिशेबाचं विवरणपत्र, मात्र उघडून बघा, अशा संस्थांना तो दरवर्षी सरकारला द्यावा लागतो आणि तो कुणालाही ऑनलाइन फुकट बघता येतो, त्यात वरच्या माणसांचे पगार नावानिशी लिहिलेले असतात.